तीन नंबरचं मशीन

नवी एसएसडी कॉम्प्युटरला दिसली नाही, तेव्हा सुरुवातीला मंजुश्रीला काहीच वाटलं नाही. असं होतं. मोताळ्यात एकोणीस वर्षं क्लास चालवताना तिनं हे कितीदा तरी पाहिलं होतं, आणि अशा वेळी बहुतेक चूक वस्तूची नसते, हाताची असते, हेही ती शिकणाऱ्यांना सांगत आली होती. बाजाराचा दिवस, म्हणून क्लासला सुट्टी. बाहेर भोंग्यावरून कोणी चादरी विकत होतं आणि त्या आवाजानं खिडकीची सैल काच मधूनच थरथरत होती. खोलीत सात मशीनं खोळ घालून गप्प बसलेली. फक्त तीन नंबरचं उघडं होतं, त्याचं बाजूचं पत्र्याचं झाकण काढून टेबलावर पालथं ठेवलेलं. ते फार हळू चालायला लागलं होतं, म्हणून तिनं बुलढाण्याहून ही बोटभर लांबीची पट्टी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, आणली होती. पट्टी खाचेत तिरकी घालायची, हलकेच दाबायची, मोहरीएवढा स्क्रू लावायचा. दहा मिनिटांचं काम. मशीन सुरू झालं, जुनी डिस्क नेहमीसारखी कुरकुरली, पडद्यावर विंडोज आलं आणि तिथे एकच डिस्क होती, जुनी. तिनं मशीन बंद केलं, वायर काढली, पट्टी काढून पुन्हा बसवली. पुन्हा तेच. अजूनही तिला काही वाटलं नाही. ती खुर्चीत नीट बसली आणि आपल्या सात पायऱ्या बोटांवर मोजायला लागली.

या सात पायऱ्या तिच्या स्वतःच्या होत्या. पुस्तकातून घेतलेल्या नव्हत्या, मशीनं दुरुस्त करता करता जमलेल्या होत्या, आणि क्लासमधून शिकून गेलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारल्या तर त्यानं सांगाव्यात असा तिचा आग्रह असे. वीज येते का ते पाहा. डिस्क पूर्ण बसली का पाहा. बायॉसमध्ये जा, विंडोजच्याही आधी मशीन जागं होतं तिथे, आणि तिथे नाव दिसतं का पाहा. खाच आणि पट्टी एका जातीची आहे का पाहा. इथपर्यंत चार बोटं झाली. पुढे नवी डिस्क कोरी असते, विंडोजला ती आधी तयार करून द्यावी लागते, ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन करायचं. ही सहावी. आणि काहीच जमलं नाही तर दुकानात परत, ही सातवी. मंजुश्रीनं अंगठा उघडा धरून ठेवला. पाचवी काय होती? तिनं पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली, जरा जोरात, शिकवताना म्हणते त्या चालीवर, म्हणजे चालच पुढचा शब्द घेऊन येईल. चाल आली. पाचव्या जागी ती नुसतीच वाजून पुढे गेली, शब्दाशिवाय. तेव्हा तिला मानेच्या मागे, केस जिथे संपतात तिथे, गार वाटलं. खोलीत उकाडा होता. मशीनच्या पंख्यातून तापलेल्या धुळीचा वास येत होता. ती अंगठ्याकडे पाहत राहिली आणि तो तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटायला लागला.

विसरतंच माणूस, असं ती स्वतःला म्हणाली. एक्कावन्न वर्षं वय, दिवसभर तीच तीच बडबड, झोप कमी. पण हे वाक्य तिला ओळखीचं होतं आणि म्हणूनच ते तिला नको होतं. माय हेच म्हणायची. माय, जनकाबाई, वडनेर भोलजीला अंगणवाडीत होती. गावातल्या प्रत्येक लेकराची जन्मतारीख तिला पाठ. रस्त्यानं जाताना मिशा फुटलेल्या पोरांना थांबवून ती त्यांच्या वाढदिवसाची आठवण करून द्यायची आणि पोरं लाजून हसायची. छप्पन्नाव्या वर्षी ती चक्कीवरून दुसऱ्याच कुणाचा तरी पिठाचा डबा घेऊन घरी आली. डब्यावर त्या घरचं नाव कोरलेलं होतं. माय ते नाव वाचत होती आणि हा आपलाच डबा आहे असंही सांगत होती, आणि या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत हे तिला दिसत नव्हतं. मंजुश्री त्या दिवशी हसली होती. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झालेली, मायचं लक्ष लागत नाही एवढंच तिला वाटलं. पुढे मायला मोताळ्याला आणलं, याच क्लासच्या वरच्या दोन खोल्यांत. माय फार हुशारीनं लपवायची. एखादं नाव आठवलं नाही की म्हणायची, तूच सांग बरं, पाहू तुले येते का. दिवस विचारला की हसायची आणि म्हणायची, मले का कॅलेंडर समजतं का. शेवटी शेवटी ती मंजुश्रीलाच विचारायची, तू कोनाची व बाई? तेही अशा जपून आवाजात की समोरच्या बाईला वाईट वाटू नये. अकरा वर्षं. चार वर्षांपूर्वी माय गेली तेव्हा लोक म्हणाले, सुटली. मंजुश्रीला वाटलं होतं की आपणही सुटलो.

आणि आता तिला एकेक करून दिसायला लागलं. फळ्यापाशी उभं राहून ती हल्ली म्हणायची, आता पुढं काय करायचं, तुम्हीच सांगा बरं. शिकवायची ही चांगली पद्धत आहे, असं तिनं ठरवलं होतं. सगळ्यांनाच बेटा म्हणायला लागली होती, मुलींना, पोरांना, दोन लेकरांची आई असलेल्या रुपालीलाही. का? नाव घेऊन हाक मारणारी मॅडम म्हणून तर तिची ओळख होती. केव्हापासून? या प्रश्नाशी ती अडली, कारण उत्तर शोधायला जिथे जायचं तीच जागा आता संशयाची झाली होती. जे विसरलं ते विसरल्याचं आठवणार कसं? तिला वाटलं की आपण एका अंधाऱ्या घरात हात पुढे करून चालत आहोत आणि कुठली भिंत पूर्वी होती आणि आता नाही हे आपल्याला सांगता येत नाही. ती झटकन उठली. पट्टी मशीनमधून काढली, तिच्या खोक्यात घातली आणि क्लासला कुलूप लावलं. कुलूप लावलं की नाही ते रस्ता ओलांडण्यापूर्वी परत येऊन ओढून पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं.

समोरच्या ओळीत अकीलचं दुकान होतं, मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं. अकील तिच्या पहिल्या बॅचचा. आता अडतिसाचा होता, दाढीत दोन-चार पांढरे केस आले होते. तो चष्मा कपाळावर सरकवून एका फोनच्या पोटात पाहत बसला होता. तिला पाहून उठला.

"या मॅडम. आज तर सुट्टी हाय ना?"

"अकील, ही नवी एसएसडी. मशीनले दिसून नाही राह्यली. पाहा बरं जरा."

तिनं आवाज नेहमीसारखा ठेवला. त्यानं पट्टी एका छोट्या डबीत घातली आणि डबीची वायर आपल्या कॉम्प्युटरला लावली. दुसऱ्या मशीनला लावून पाहा. पाचवी पायरी. ती आली तशी पूर्ण आली, चालीसकट, आणि मंजुश्रीला एकदम इतकं हलकं वाटलं की तिनं काउंटरचा काठ धरला. अकीलच्या पडद्यावर डिस्क आली, कोरी. त्यानं दोन-तीनदा क्लिक केलं.

"चांगली हाय ही. काही नाही झालं हिले. कोणत्या मशीनले लावून राह्यले होते?"

"तीन नंबरले."

अकीलनं माउसवरचा हात काढला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. डबीतून पट्टी काढून ती पुन्हा खोक्यात ठेवायला त्यानं जरा जास्तच वेळ लावला. बाजारातून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही मॅडम. मी येतो संध्याकाळी, दुसऱ्या एखाद्या मशीनले लावून देतो."

"दुसऱ्या काऊन? तीनलेच पाहिजे मले. तेच हळू झालंय."

"तीनची ती खाच खराब हाय."

"तुले कसं माहीत?"

आता त्यानं वर पाहिलं. माणूस खोटं बोलायचं ठरवतो आणि मग त्याला ते जमत नाही, तसा त्याचा चेहरा झाला. "मॅडम, आपण दोघांनीच पाह्यलं होतं ना. फेब्रुवारीत. तवाही तुम्ही अशीच नवी आणली होती. मग ती आपण पाच नंबरात बसवली. तुम्ही तीनच्या झाकणाले आतून कागद चिकटवला, म्हणाल्या, म्हणजे विसरायले नको."

फेब्रुवारी. मंजुश्रीनं फेब्रुवारीत शोधलं. थंडी आठवली. परीक्षेचे फॉर्म आठवले. दोन नंबरच्या मशीनचा माउस उंदरानं कुरतडला होता तेही आठवलं. अकील आपल्या शेजारी खाली बसून खाचेत बॅटरीचा उजेड टाकतो आहे, हे तिनं डोळ्यांसमोर आणलं आणि ते आलंही. पण ते आठवलं की आत्ताच रचलं, हे तिला कळेना. "हाव," ती म्हणाली, "बरोबर," आणि हसली. हसल्याबरोबर तिला आपलं हसू ऐकू आलं. ते मायचं होतं. तोंड मिटून, नाकातून, समोरच्यानं पुढचं विचारू नये म्हणून हसलेलं.

"अकील," ती म्हणाली, "मले नाही आठवत."

त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तो तिच्याबरोबर आला. कुलूप तिनंच उघडलं. दोघं तीन नंबरपाशी गेले. टेबलावरचं पालथं झाकण तिनं उलटं केलं. आत कागद होता, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेला, आणि त्यावर तिचंच अक्षर, उभं, टपोरं, फळ्यावर लिहून घट्ट झालेलं. "ही खाच बंद आहे. इथे डिस्क लावू नये. ११ फेब्रुवारी." अकीलनं सांगितलं तसंच. पण खाली आणखी एक ओळ होती, दुसऱ्या शाईची. अक्षर तिचंच, थोडं घाईचं. "पुन्हा तपासली. बंदच आहे. ६ जुलै."

जुलैचं अकीललाही माहीत नव्हतं. तो वाकून वाचत होता आणि वाचून झाल्यावरही वाकलेलाच राहिला. जुलैत कुणीतरी इथे एकटं आलं होतं, झाकण काढलं होतं, पट्टी लावली होती, दिसत नाही म्हणून हैराण झालं होतं, मग हा कागद त्या बाईला सापडला होता, तीही अशीच घाबरली असेल, आणि तिनं पेन घेऊन खाली तारीख टाकली होती. मग तिनं झाकण लावलं आणि ती गेली. ती कुठे गेली? मंजुश्रीला त्या बाईची भीती वाटली. तिच्या किल्ल्या वापरणारी, तिच्या खुर्चीत बसणारी, तिच्या अक्षरात लिहिणारी एक बाई, जी घाबरते आणि मग घाबरल्याचंही विसरून जाते. भीतीसुद्धा टिकणार नसेल तर सावध कोण करणार? आजचं हे, हा उकाडा, अकीलची वाकलेली पाठ, हेही असंच जाणार का, आणि पुढच्या उन्हाळ्यात आपण पुन्हा बुलढाण्याहून एक पट्टी आणून इथेच मांडी घालून बसणार का?

"आणखी काय काय?" तिनं विचारलं.

"मॅडम, छोट्या छोट्या गोष्टी असतात. सगळ्याइचंच होते."

"अकील. मी तुले पहिल्यांदा माउस धरायले शिकवलं. सांग मले."

तो समोरच्या स्टुलावर बसला. खाली पाहत त्यानं सांगितलं. जूनमध्ये तिनं एकच धडा तीन दिवस शिकवला होता, तोच, तीच उदाहरणं देऊन. दुसऱ्या दिवशी एक पोरगी बोलायला उठली तर रुपालीनं तिला हाताला धरून खाली बसवलं. क्लास सुटल्यावर रुपालीनं सगळ्यांना सांगितलं की मॅडमला कुणी काही म्हणायचं नाही, वहीत पुन्हा लिहून घ्यायचं. मग रुपाली अकीलकडे आली होती, विचारायला, की काय करायचं. अकीलनं त्याच्या बायकोला, सलीमाला सांगितलं. सलीमा म्हणाली, आता कसं बोलायचं, त्यांना किती वाईट वाटेल. "म्हणून नाही बोललो," अकील म्हणाला. "चूक झाली आमची."

मंजुश्रीला ती पंधरा माणसं दिसली, वहीत मान खाली घालून तेच ते पुन्हा लिहिणारी. ती त्यांच्यासमोर खडू घेऊन उभी होती, रंगात येऊन, आणि त्यांच्या त्या शांततेला ती लक्ष देणं समजली होती. आपला क्लास यंदा किती शिस्तीचा आहे असं तिनं कुणाला तरी फोनवर सांगितलंही होतं. वाईट वाटायला हवं होतं. पण तिथपर्यंत ती पोचेना, कारण मध्येच दुसरं काहीतरी उभं होतं, खूप मोठं. ती या घरात एकटी राहत होती. लग्न केलं नाही. आधी बाबा, मग क्लास, मग माय. मायला न्हाऊ घालायला ती होती. माय रस्त्यानं बसस्टँडकडे निघाली की मागून धावणारी ती होती. आपल्यामागे कोण धावणार, हा प्रश्न तिनं आजवर कधी पूर्ण वाक्यात विचारला नव्हता. आता तो विचारला गेला.

तिनं फोन काढला. दर मंगळवारी अकोल्याहून बुलढाण्याला येणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचा नंबर अजून तिच्या फोनमध्ये होता, "मायचे डॉक्टर" या नावानं. तिनं तो काढला आणि लगेच लावला. थांबलं तर लावायचं राहून जाईल, आणि राहून गेल्याचं कळणारही नाही. पलीकडे एक मुलगी बोलली. पेशंटचं नाव, वय, गाव. मंजुश्री माणिकराव, एक्कावन्न, मोताळा. काय त्रास? "विसर पडतो," ती म्हणाली. किती कठीण गेलं ते. मुलगी लिहीत होती.

"सोबत घरचं माणूस पाहिजे बरं का. एकट्यानं येऊ नका. डॉक्टर साहेब पेशंटच्या सांगण्यावर जात नाहीत, सोबतच्याले विचारतात. कोण येणार?"

अकीलला फोनमधलं ऐकू गेलं होतं. त्यानं खुणेनंच विचारलं, मी येऊ? तो आला असता. सगळं काम टाकून आला असता, आणि नीट सांगितलंही असतं. पण ती म्हणाली, "कळवते मी," आणि तिनं फोन ठेवला. भावाला, प्रसेनजितला, आधी सांगायला हवं होतं. मायच्या वेळी डॉक्टरांनी तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तुमच्या आईला हे फार लवकर झालं, लवकर होणारं कधी कधी रक्तातून येतं, तुम्ही भावंडांनी लक्ष ठेवा. भाऊ तिच्याहून तीन वर्षांनी लहान, पुण्यात नोकरीला. तिनं त्याला हे कधी सांगितलं नाही. त्याच्या डोक्यावर कशाला ओझं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आता तिला तोही रुपालीसारखाच प्रकार वाटला. माणसाला वाईट वाटू नये म्हणून त्याला त्याच्याच घरात काय चाललंय ते न सांगणं.

प्रसेनजितनं तिसऱ्या रिंगला फोन उचलला. तिनं सगळं सांगितलं. पट्टी, फेब्रुवारी, जुलै, तीन दिवसांचा धडा. मग डॉक्टरांचं वाक्य, तसंच्या तसं. ते तिला शब्दशः आठवत होतं. तो मध्ये एकदाही बोलला नाही. तिला वाटलं फोन कट झाला.

"प्रसेन?"

"आहे मी." त्याचा आवाज बसलेला होता. "मंगळवारी ना? येतो मी. सोमवारी रात्रीच्या गाडीनं निघतो."

"तू रागावला का?"

"नाही ताई." मागे त्याच्या ऑफिसचा आवाज येत होता, कुणीतरी हसत होतं. "ताई, मागच्या महिन्यात ऑफिसातून घरी यायले मले दीड तास लागला. वीस मिनिटाचा रस्ता हाय. बायकोले सांगतलं, ट्रॅफिक होतं." तो थांबला. "ट्रॅफिक नव्हतं. मी एका चौकात उभा होतो. कोणीकडं वळायचं तेच सुचून नाही राह्यलं. अजून कोणालेच नाही सांगतलं."

मंजुश्रीनं डोळे मिटले. अकील उठून खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला.

"डॉक्टरकडं दोघांचे नंबर लाव," प्रसेनजित म्हणाला.

तिनं पुन्हा दवाखान्याला फोन लावला. तीच मुलगी होती. मंजुश्रीनं मंगळवारचा आपला नंबर पक्का केला आणि आणखी एक लिहायला सांगितला. प्रसेनजित माणिकराव, अठ्ठेचाळीस, पुणे. त्रास तोच.

"यांच्यासोबत कोण?"

"मी. त्याची बहीण."

"अन् तुमच्यासोबत?"

"तो."

पलीकडे पेन थांबल्यासारखं वाटलं. मुलगी काहीतरी विचारणार होती, मग तिनं ते विचारलं नाही. "बरं," ती म्हणाली, "दहा वाजता या. दोघंही आठवणीनं या."